मार्लेन खुत्सिएव यांच्या गाजलेल्या सोव्हिएत चित्रपटाच्या दोन आवृत्त्या आहेत म्हणे. लांब पाहावी की छोटी?

लांब. ज्या प्रतीवर 'झास्तावा इलिचा' असं नाव असेल ती. 'मी वीस वर्षांचा आहे' अशा अर्थाचं नाव असलेली 1965ची छोटी प्रत नंतर कधीतरी, हौस असेल तर.

मी नेमकं उलटं केलं होतं. मित्राच्या हार्ड डिस्कवर छोटी सापडली, ती पाहिली, 'मॉस्को काय सुंदर दिसतं' एवढं म्हणालो आणि विसरून गेलो. लांब आवृत्ती पाहिल्यावर लक्षात आलं की आपण पाहिला तो कात्री लावलेला माल होता.

कथा म्हणाल तर एवढीशी. सेर्गेई सैन्यातून सुटून घरी येतो. कोल्या आणि स्लावा हे त्याचे जुने दोस्त. नोकरी, मुली, मे दिनाची मिरवणूक, रात्री-पहाटे रिकाम्या रस्त्यांवर भटकणं. मार्गारिता पिलिखिनाचा कॅमेरा या पोरांच्या मागे इतका सहज फिरतो की कथा नाही याची चुकचुक लागत नाही. (कोल्या झालेला निकोलाय गुबेन्को पुढे सोव्हिएत संघाचा शेवटचा सांस्कृतिक मंत्री झाला. पडद्यावरचा कोल्या आठवला की मला अजून हसू येतं.)

सगळं रामायण घडलं ते एका प्रसंगावरून. सेर्गेईचा बाप युद्धात गेलेला. एका रात्री तो सैनिकाच्या वेशात मुलासमोर येतो. मुलगा विचारतो, मी कसं जगू? बाप उलट विचारतो, तुझं वय काय? तेवीस. बाप म्हणतो, माझं एकवीस, मी तुला काय सांगणार?

मार्च 1963मध्ये क्रेमलिनमध्ये कलावंतांसमोर बोलताना तेव्हाचे सोव्हिएत सर्वेसर्वा ख्रुश्चेव यावरच भडकले. बापाने मुलाला वाट दाखवू नये, हे पटतं का कुणाला? जनावरंसुद्धा पिल्लांना वाऱ्यावर सोडत नाहीत, असा त्यांचा सूर होता. त्यात आगीत तेल ओतलं एका कौतुकाने. लेखक विक्टर नेक्रासोव यांनी पूर्ण व्हायच्या आधीच हा चित्रपट पाहिला होता आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याची स्तुती केली होती: बरं झालं, सगळं कळणाऱ्या म्हाताऱ्या कामगाराला त्याच्या पिकल्या मिशांना धरून पडद्यावर ओढत आणलं नाही! बिचाऱ्याने मनापासून लिहिलं होतं, पण शिव्या त्यालाही बसल्या आणि चित्रपटालाही.

मग कापाकापी, नव्याने चित्रीकरण, नावही बदललं. 'इलिच' म्हणजे लेनिन, आणि झास्तावा म्हणजे मॉस्कोतला जुना नाका, तिथला चौक; असल्या भरकटलेल्या पोरांना ते नाव कसं चालावं? ऑक्टोबर 1964मध्ये ख्रुश्चेवचीच सत्ता गेली आणि जानेवारी 1965मध्ये चित्रपट लागला. त्याच वर्षी व्हेनिस महोत्सवात त्याला ज्यूरीचं खास पारितोषिक मिळालं, तेही स्पॅनिश दिग्दर्शक बुन्युएलच्या चित्रपटासोबत विभागून. खुत्सिएवनी मूळ रूप पुन्हा जुळवून लोकांसमोर आणलं ते 1988मध्ये. तोवर सहलेखक गेन्नादी श्पालिकोव हयात नव्हता. 1974मध्ये, सदतिसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली होती.

लांब आवृत्तीत पॉलिटेक्निक म्युझियममधलं कविसंमेलन मनसोक्त आहे. अखमादुलिना, येव्हतुशेन्को, वोझ्नेसेन्स्की, ओकुद्झावा, सगळे खरेखुरे, आणि समोर खच्चून भरलेलं सभागृह. मला कवींपेक्षा ऐकणाऱ्यांचे चेहरेच जास्त आवडतात. काहींना हा भाग रटाळ वाटतो. वाटला तर चहा करून या, पण पुढे ढकलू नका.

आणि पार्टीचा प्रसंग. तिथे पुढे मोठा दिग्दर्शक झालेला तरुण तारकोव्हस्की छोट्या भूमिकेत दिसतो, उर्मट वागतो आणि थप्पड खातो. टवाळखोर मंडळी सेर्गेईला छेडतात तेव्हा तो सांगतो की आपण कशाकशाकडे गंभीरपणे पाहतो: क्रांती, 'इंटरनॅशनल' हे कम्युनिस्टांचं गाणं, सदतीस साल, युद्ध, सैनिक, आपल्यातल्या जवळपास कुणालाच बाप नाही ही गोष्ट, आणि बटाटे, ज्यांच्यावर आपण उपासमारीत तगलो.

यातलं 'सदतीस साल' छोटी आवृत्ती पाहताना माझ्या कानावरून गेलं होतं. नंतर दिग्दर्शकाबद्दल वाचलं. जन्म 1925, तिफ्लिस म्हणजे आजचं तिबिलिसी. मार्लेन हे नाव मार्क्स आणि लेनिन जोडून ठेवलेलं, कारण वडील पक्के कम्युनिस्ट. त्याच वडिलांना स्टालिनच्या 1937च्या धरपकडीत पकडून गोळ्या घातल्या गेल्या. म्हणजे मुलाला उत्तर न देता निघून गेलेला बाप हा कुठल्या लेखकाने टेबलावर बसून रचलेला नव्हता. 2015मध्ये लोकार्नो महोत्सवात खुत्सिएवना जीवनगौरव मिळाला तेव्हा ते 89 वर्षांचे होते. 2019मध्ये ते गेले.

तीन तासांहून जास्त लांबी आहे. एका बैठकीत जमेलच असं नाही, मी दोन रात्री घेतल्या. बापाचा प्रसंग शेवटाकडे येतो, तिथवर जागे असाल अशी वेळ निवडा.