ब्लॉक कोपॉलिमरमध्ये सोन्याचे नॅनोकण आपोआप ओळीत कसे बसतात? (एमएस्सी, नांदेड)

त्यांना कुणी बसवत नाही. ब्लॉक कोपॉलिमर म्हणजे दोन वेगळ्या पॉलिमरचे तुकडे टोकाला टोक जोडून झालेली एकच साखळी. त्यातल्या, समजा, पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनिलपिरिडीन या तुकड्यांचं एकमेकांशी पटत नाही, पण साखळी एकच असल्याने लांब जाताही येत नाही. मग वाटण्या झालेले भाऊ एकाच वाड्यात राहावेत तशा दहा ते शंभर नॅनोमीटरच्या पट्ट्या पडतात.

खरी मेख कणाच्या आवरणात आहे. सोन्यावर पॉलिस्टायरीनच्या आखूड साखळ्या चिकटवल्या तर कण त्याच पट्टीत शिरतो. दोन्ही पॉलिमरच्या साखळ्या मिसळून लावल्या तर सीमेवर थांबतो. आकारही बघा: पट्टीच्या मानाने मोठा कण मधोमध जातो, लहान सीमेकडे सरकतो. पॉलिमरच्या सिद्धांतावर काम करणाऱ्या ॲना बालाझ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे सिद्धांतातून मांडलं होतं.

आता आपल्याकडची अडचण. मे महिन्यात परभणी-नांदेडच्या उकाड्यात टोल्युईन, म्हणजे पॉलिमर आणि कण ज्यात मिसळून पातळ थर (फिल्म) बनवतो ते द्रावक, भराभर उडतं आणि रचना लागायच्या आतच फिल्म गोठते. फिल्म झाकणबंद काचपात्रात टोल्युईनच्या वाफेवर ठेवा, म्हणजे साखळ्यांना पुन्हा हलता येईल; पण हे फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात). ती फुगताना रंग बदलताना दिसेल. मग झाकण किंचित सरकवून सावकाश सुकू द्या. आणि कण बेताने घाला, जास्त झाले की पट्ट्याच मोडतात.