कशालाच अर्थ नसेल, तर लोकशाही कशावर उभी आहे?

तुम्ही विचारलंय की जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे म्हणतो तसा देव मेला असेल आणि सगळी मूल्यं माणसांनीच रचलेली असतील, तर ‘सगळे समान’ हेही रचलेलंच ठरतं. मग लोकशाहीला तात्त्विक पाया उरतो का, आणि मत द्यायला तरी कशाला जायचं?

अर्ध्या प्रश्नात तुमचं बरोबर आहे, लोक ते कबूल करायला उगाच कचरतात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकची समता देवावर टेकलेली होती: आपण सगळे त्याचीच निर्मिती, म्हणून जन्मानं कुणी कुणाचा मालक नाही. १७७६चा अमेरिकन जाहीरनामाही निर्मात्याचं नाव घेऊनच हक्क देतो. (आपल्या जोतिराव फुल्यांचा ‘निर्मिक’, म्हणजे निर्माता, तेच काम करतो.) देव काढून घेतला तर त्याच्या जोरावर आलेली समता तशीच पदरात राहत नाही, हे नीत्शेनं नेमकं ओळखलं. लोकशाहीला तो ख्रिस्ती धर्माची वारस समजायचा, आणि ते कौतुकानं नव्हे.

हान्स केल्सन या कायदेपंडितानं १९२० साली याच संशयातून लोकशाहीची बाजू मांडली. अंतिम सत्य कुणाच्याच हाती नाही, म्हणून डोकी मोजायची, हरलेल्याला बोलू द्यायचं आणि निकाल पुढं फिरवता येईल अशी सोय ठेवायची. मला हे पटतं, पण पुरत नाही. १९३३मध्ये नाझी आले आणि कोलोनमधली केल्सनचीच प्राध्यापकी गेली. नुसत्या संशयापायी कुणी दारात आडवं उभं राहत नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला पुढचा धागा घराजवळच सापडतो. बाबासाहेबांच्या संस्थेनं १९५०मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेज काढलं, त्याचं नाव मिलिंद आणि परिसराचं नागसेनवन. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद प्रसिद्ध आहे. नागसेन विचारतो, राजा, तू रथातून आलास ना? मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ? जू? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. म्हणजे रथ नाहीच, आणि तरी तू त्यातूनच आलास! बौद्ध परंपरा नित्य आत्मा मानत नाही, पण म्हणून कर्माला फळ नाही असंही म्हणत नाही. तो उच्छेदवाद तिला तितकाच नामंजूर आहे.

समतेचंही मी असंच समजतो. जमिनीत खोदून ती सापडणार नाही. हैदराबाद संस्थान मुक्त होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ला बाबासाहेब संविधान सभेत सांगत होते की संविधानिक नैतिकता माणसात उपजत नसते, जोपासावी लागते. इथली माती मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही वरवर पसरलेला थर आहे, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. पाया आयता मिळालाय असा भ्रम त्यांना कधीच नव्हता. मला नीत्शेपेक्षा हा माणूस जास्त निर्भय वाटतो.

राहिला मत कशाला हा प्रश्न. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ (यापैकी कुणीच नको) दुसऱ्या क्रमांकावर आलं. त्यामागं तत्त्वज्ञान कमी आणि राजकारण जास्त होतं, पण ते लोक निदान रांगेत उभे राहिले. घरी बसण्याचं काय होतं ते ग्रामसभेत बघा. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा लागतो. तेवढी माणसं जमत नाहीत. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) घड्याळ बघत थांबतो, मग रजिस्टरात ‘तहकूब’ लिहितो. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. पुढच्या तारखेला समाजमंदिरात पंधरावीसजण सतरंजीवर बसतात, घरकुलाची यादी भराभर वाचली जाते, ‘मंजूर, मंजूर’ होतं. ‘काय फरक पडतो’ म्हणत पारावर बसलेल्याचं नाव त्या यादीत कितव्या नंबरला जातं, ते तिथं आलेली पंधरावीस माणसंच ठरवतात.