भिंत आधी वाच, फोटो नंतर

ग्राफिटी बघायला नवीन आहेस म्हणून सांगतो, रंगवलेली भिंत दिसली की लगेच मोबाईल काढू नकोस. नवी मुंबईत पुलाखाली, कंपाउंडवर फ्लेमिंगो भरपूर दिसतील. ती बहुतेक पालिकेने करून घेतलेली चित्रं. छान असतात, पण ग्राफिटी म्हणजे मुळात अक्षराचा खेळ. एका दमात मारलेली सही म्हणजे टॅग, एक-दोन रंगांत फुगवलेली अक्षरं थ्रो-अप, आणि वेळ घेऊन बऱ्याच रंगांत केलेलं ते पीस. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सने ‘टाकी १८३’ असा टॅग जागोजागी लिहिणाऱ्या पोरावर बातमी छापली होती. १८३ हा त्याच्या रस्त्याचा नंबर!

मग जवळ जा. रंगाचा स्प्रे कॅन भिंतीला चिकटून फिरला असेल तर रेघ बारीक, कडा धारदार. लांबून मारला की कडा धुरकट. ओघळ दिसला तर तिथे हात रेंगाळलाय, किंवा मुद्दाम ओघळू दिलाय. नेरुळला एका टॅगसमोर मी दहा मिनिटं ‘आर’ समजून उभा होतो, निघाला ‘के’.

रुळांकडच्या भिंती प्लॅटफॉर्मवरूनच बघ. आणि फोटो त्याच दिवशी काढ, उद्या तिथे चुना असेल.