मोटर उलटी फिरवा, तारा ताठ राहतील

प्रश्न : मोठ्या भावानं तीसेक वर्षांपूर्वी बनवलेलं बाल्सा लाकडाचं कंट्रोल लाइन विमान (हातातल्या हँडलला दोन तारांनी बांधून स्वतःभोवती गोल उडवायचं) माळ्यावर सापडलं. पंखांची लांबी 66 सेंमी. इंजिन 0.049 क्युबिक इंचाचं, ग्लो जातीचं (ठिणगीऐवजी प्लगमधल्या तापलेल्या तारेनं इंधन पेटवणारं). पण ते जाम झालंय आणि त्याचं इंधन इकडे मिळत नाही. ड्रोनची मोटर बसवून ते उडेल का? रिमोट घ्यावा लागेल का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : उडेल भाऊ, आणि रिमोट नको. आधी एक सांगतो, ते इंजिन भंगारात देऊ नका. त्या इंधनात मिथेनॉलबरोबर एरंडेल असायचं. ते आत वाळून डिंकासारखं धरतं. हेअर ड्रायरनं तापवून हातानं हळूच फिरवून बघा, बहुतेक सुटेल. भावाची आठवण आहे ती.

आता मोटर. 2204 मापाची, 2300 केव्हीची (म्हणजे रिकामी फिरताना व्होल्टमागे मिनिटाला 2300 फेरे, किलोव्होल्ट नव्हे) ब्रशलेस मोटर, 20 अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, आणि दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. माझ्या विमानात 5 इंची प्रोपेलरवर वॉटमीटर 8 अँपिअर दाखवतो, म्हणजे साधारण 60 वॉट. 200 ग्रॅमच्या विमानाला तेवढे भरपूर झाले. मोठी बॅटरी घेऊन पाच मिनिटं उडवायचा मोह होईल, पण स्वतःभोवती फिरून तिसऱ्या मिनिटालाच डोकं गरगरायला लागतं. तीन मिनिटांना 400 एमएएच जातात. म्हणून 500 एमएएच घ्या, पाचवा हिस्सा शिल्लक राहतो आणि वजनही वाचतं. तरी जुन्या इंजिनापेक्षा हा संच 25-30 ग्रॅम जड होणारच. बॅटरी फायरवॉलला, म्हणजे नाकातल्या मोटर बसवायच्या फळीला, अगदी चिकटवून ठेवा. विमान शेपटीकडे झुकलं तर ते हातात राहत नाही.

मी भुसावळला सबमर्सिबल पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग भरतो. केळीवाल्या शेतकऱ्याला विचारा, पाणी कमी येतंय, मोटर उलटी फिरतेय, तर काय करायचं? तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या. ही चिमुकली मोटरही तीन वायरींचीच आहे, तिलाही तोच नियम. आपलं विमान घड्याळाच्या उलट दिशेनं घिरट्या घालतं. नेहमीच्या दिशेनं फिरणारा प्रोपेलर त्याला आतल्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे कलवू पाहतो, आणि तारा ढिल्या पडायची भीती असते. दोन वायरी बदलून उलट पिळाचा प्रोपेलर लावला, की तोच जोर विमानाला बाहेर कलवतो. इंजिनात हे सहज जमत नव्हतं. ड्रोनचे प्रोपेलर जोडीनं येतात, त्यातला उलटा आपल्या कामाचा. नट मात्र नायलॉनच्या कड्याचा घाला. साधा नट कधी सुटेल, नेम नाही.

रिमोटऐवजी टायमर लागतो. ईएससीला फक्त ठरावीक लांबीचे पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, हवे असतात, 1 मिलिसेकंद म्हणजे बंद, 2 म्हणजे पूर्ण वेग. टायमर तेच देतो आणि तीन मिनिटांनी मोटर थांबवतो. बटण दाबल्यावर मोटर सुरू व्हायला 20 सेकंदांचा अवकाश ठेवा, हँडलपर्यंत चालत जाता आलं पाहिजे. शिवाय प्रोपेलर अडकला तर वीज तोडणाराच टायमर घ्या. मागच्या उन्हाळ्यात माझं विमान भेगाळलेल्या काळ्या वावरात नाकावर पडलं, प्रोपेलर भेगेत रुतला आणि साधा टायमर मोटरला वीज देतच राहिला. मी पोचेपर्यंत ईएससीतून धूर निघत होता. आत बाल्साचं लाकूडही करपलं होतं.

तारा 10 मीटर ठेवा. साडेचार सेकंदांत एक फेरी झाली, तर हाताला विमानाच्या वजनाच्या दुप्पट ओढ लागते. म्हणून उडवण्याआधी रोज बेलक्रँकपासून (विमानातली तारा जोडायची तरफ) हँडलपर्यंत त्याच्याहून कितीतरी जास्त ताकदीनं ओढून बघा. बेलक्रँक बसवलेलं तीस वर्षांचं लाकूड आणि डिंक यांच्यावर माझा तरी भरवसा नाही, तो जोड नव्यानं चिकटवा. डोक्यावरून विजेच्या लाइनी जातात ते वावर सोडाच, आपल्या हातात स्टीलची तार असते.

बॅटरी मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, फुगते. महिनाभर वापरणार नसाल तर सेलमागे 3.8 व्होल्टवर आणून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. मी फुटक्या माठात ठेवतो, चार्जिंगही त्यातच करतो, आणि ते होईपर्यंत शेजारून हलत नाही.