नवीन कोरल टँकमध्ये सोडण्याआधी: डिपने किडे मरतात, अंडी राहतात

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत तुमचा ४० गॅलनचा रीफ टँक (कोरलसाठीचा खाऱ्या पाण्याचा टँक) आता स्थिरावलाय, फ्रॅग स्वॅपमधून, म्हणजे हौशी लोकांच्या देवाणघेवाणीच्या मेळाव्यातून, झोअँथिड, हॅमर आणि मॉन्टिपोरा या कोरलचे तीन फ्रॅग (छोटे तुकडे) आणलेत, आणि विकणाऱ्याने सांगितलं की पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग सोडून द्या. एवढ्यावर भागेल का, हा तुमचा प्रश्न. नाही भागणार. पिशवी तरंगवून फक्त तापमान जुळतं. फ्रॅगबरोबर काय काय घरात येतंय, ते तसंच राहतं.

आधी पिशवीतल्या पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर बघा. तुमचा टँक १.०२६ विशिष्ट गुरुत्वाला आणि त्यांचं पाणी १.०२३ ला असेल, तर अर्धा तास थोडं थोडं टँकचं पाणी मिसळत न्या. तासन् तास ठिबक लावू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया बाधायला लागतो. कुरियरने रात्रभर प्रवास करून आलेल्या मालाला हे जास्त लागू पडतं. पिशवीतलं पाणी मात्र टँकमध्ये अजिबात ओतू नका.

मग डिप, म्हणजे फ्रॅग थोडा वेळ औषधाच्या पाण्यात बुडवणं. दोन पांढरे डबे घ्या, दोन्हीत टँकचंच पाणी. पांढरे अशासाठी की तळाला पडलेलं दिसतं. एका डब्यात बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच औषध घाला आणि सांगितलेल्या वेळेपुरताच फ्रॅग ठेवा, बहुतेक औषधांना पाच-दहा मिनिटं पुरतात. तेवढ्या वेळात टर्की बेस्टरने (रबरी फुगा दाबून पाणी सोडायची स्वयंपाकघरातली नळी) पॉलिपच्या, म्हणजे कोरलच्या एकेका फुलासारख्या जिवाच्या, मधून आणि कडांखालून पाण्याचे झोत मारत राहा. मग दुसऱ्या डब्यात खळबळून घ्या. हॅमरला नेहमी सांगाड्याला धरा. त्याचा मांसल भाग सांगाड्याच्या धारदार कडांवर घासून फाटला तर त्या जखमेतून ब्राउन जेली (मांस सडवत पसरणारा तपकिरी चिकट रोग) सुरू होऊ शकते. डिपनंतर झोअँथिड दिवस-दोन दिवस मिटून बसले तर घाबरू नका.

तळाला जे पडलंय ते भिंगाने बघा. उड्या मारणारे ॲम्फिपॉड (कोळंबीच्या कुळातले बारके जीव) निरुपद्रवी असतात. झोअँथिड खाणारे न्युडिब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) ओळखायला कठीण, कारण ते ज्या पॉलिपवर जगतात त्याचाच रंग उचलतात. बेस्टरचा झोत बसून सुटे होईपर्यंत पॉलिपच वाटतात. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची चपटी गोगलगाय दिसली तर ती सनडायल, तीही झोअँथिडच खाते.

आता जे लोक सर्रास सोडून देतात ते. डिपने जिवंत किडा मरतो किंवा गळून पडतो, पण अंड्यांच्या आवरणातून औषध आत जात नाही. मॉन्टिपोरा खाणारा न्युडिब्रँक जेमतेम काही मिलिमीटरचा, पांढरा, पाठीवर झालर असलेला. तो अंडी घालतो फ्रॅगच्या खालच्या अंगाला, जिथे जिवंत भाग संपून उघडा सांगाडा सुरू होतो नेमका तिथे. साबुदाण्याचा चुरा चिकटल्यासारखे पांढरे पुंजके दिसतात. पुढे कधी ॲक्रोपोरा हे कोरल आणलंत तर ते खाणाऱ्या फ्लॅटवर्मची (चपट्या किड्याची) अंडीही बुडाशी, उघड्या सांगाड्यावरच असतात, फक्त तपकिरी-सोनेरी रंगाची. आठवडा-दोन आठवड्यांत ती फुटतात. म्हणजे डिप उत्तम झाला, कोरल छान फुललं, आणि तिसऱ्या आठवड्यात कडेपासून पांढरं पडायला लागलं, ही तक्रार इतक्यांदा ऐकायला मिळते त्याचं कारण हे.

म्हणून माझं ठाम मत, मॉन्टिपोरा जुन्या प्लगवर (फ्रॅग चिकटवलेल्या छोट्या चकतीवर) ठेवूच नका. बोन कटरने प्लगपासून सोडवा, खालची उघडी कड छाटून टाका आणि जेल सुपरग्लूने नव्या प्लगवर चिकटवा. जुना प्लग कचऱ्यात. आयप्टेशिया (डंख करणारं समुद्रफूल), बबल अल्गी (बुडबुड्यांसारखं शैवाल), व्हर्मेटिड गोगलगायी (नळीत चिकटून राहणाऱ्या) यांचा बराचसा उपद्रव प्लगबरोबरच जातो. हॅमर कापायची गरज नाही, त्याचा बुंधा नीट तपासला की झालं.

झोअँथिडच्या बाबतीत मात्र कृपया फार जपून राहा. त्यांच्यात, विशेषतः त्यांच्यातल्याच पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल घातल्याशिवाय हात लावू नका, पॉलिप कापायच्या फंदात पडू नका, आणि ते ज्या दगडावर वाढलेत तो गरम पाण्याने धुणं किंवा उकळणं तर कधीच नको. वाफेतून विष श्वासात जाऊन घरातली सगळी माणसं रुग्णालयात गेल्याच्या घटना घडल्या आहेत. घरात लहान मूल किंवा कुत्रा-मांजर असेल तर हे काम ओट्यावर करू नका.

यानंतरही फ्रॅग थेट मुख्य टँकमध्ये नको. दहा गॅलनची टाकी, हीटर, छोटा पॉवरहेड (पाणी खेळवणारा पंप), साधा एलईडी, मुख्य टँकमध्ये मुरलेला (उपयोगी जिवाणू धरलेला) फिल्टरचा स्पंज, आणि पाणी बदलताना मुख्य टँकमधूनच काढलेलं पाणी. क्वारंटाइनला एवढं पुरतं. ज्या टाकीत पूर्वी माशांना तांब्याचं औषध दिलंय ती वापरू नका. चार ते सहा आठवडे, दर आठवड्याला पुन्हा डिप, म्हणजे अंडी फुटून निघालेली पिल्लं मोठी होऊन नवी अंडी घालण्याआधीच सापडतात. मासे महागाचे असतील तर ७६ दिवस थांबा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे परजीवी प्लगवर किंवा सांगाड्यावर कोषात बसून येऊ शकतात, आणि मासा न मिळाल्यावर ते संपायला एवढा अवधी धरायचा असा प्रघात आहे.

क्वारंटाइनमध्ये उजेड सुरुवातीला कमीच ठेवा, ५० ते ७० पारच्या (पीएआर, कोरलला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास, आणि दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या. कोरलच्या पेशींतल्या शैवालाला नव्या उजेडाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. उजेड कमी पडला तर कोरल तपकिरी होतं, जास्त झाला तर फिकट. तपकिरी झालेलं सहज सावरतं, पांढरं पडलेलं बऱ्याचदा नाही.

इथे पुण्या-मुंबईचेही वाचक आहेत म्हणून सांगतो. भारतात सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. त्यात हॅमर आणि मॉन्टिपोरा दोन्ही आले. कुणी विकत असेल तरी घेऊ नका. मालवणला पाण्यात उतरून बघा, फक्त त्यांच्यावर पाय देऊ नका.

तुमच्या मॉन्टिपोराच्या खालच्या बाजूचा फोटो टाका, प्लगवरून काढायच्या आधीचा. टँकचे निळे दिवे बंद करून साध्या पांढऱ्या उजेडात काढा, निळ्या उजेडात अंडी नजरेतून सुटतात.