वजनकाटा तिच्या हातात राहू दे

प्रिय बाय,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या वाड्यावरच्या बारा जणींचा बचत गट तू हाती घेतलास हे वाचून फार बरं वाटलं. त्यांना नेमकं काय शिकवू, असं तू विचारलंयस. त्याच्या आधी, तिथे कोण कुणाला शिकवतच आलेली आहे ते बघून घे.

पौषात धालो (बायकांचा रात्रीच्या नाच-गाण्यांचा सण) सुरू झाले की एका रात्री मांडावर, म्हणजे ते खेळायच्या ठरलेल्या जागी, जाऊन उभी राहा. बायका दोन रांगांत समोरासमोर असतात, एकमेकींच्या कमरेला हात घालून वाकत पुढे येतात, मागे जातात. एक रांग ओळ म्हणते, दुसरी ती उचलते. नवी सून किंवा लहान मुलगी रांगेच्या टोकाला असते. पहिल्या रात्री ती नुसती पावलं टाकते, आणि शेवटच्या रात्रीपर्यंत ओळी तिच्या तोंडी बसलेल्या असतात. समोर बसवून तिच्याकडून कुणी काही घोकून घेतलेलं नसतं. ओळ कोण सुरू करते, गाणं अडलं की सगळ्या कुणाकडे बघतात, एवढं मनात ठेव. गटात पैशांचा विषय निघेल तेव्हा बहुधा त्याच बाईच्या चेहऱ्याकडे नजरा वळतील. ती गटाची अध्यक्ष नसेलही. पण तिने 'हूं' म्हटल्याशिवाय तिथे काही हलणार नाही.

पहिल्या भेटीला वही आणि फॉर्म घेऊन जाऊ नकोस. जेवणं उरकून भांडी झाली की साडेतीननंतर जा आणि दिवेलागणीच्या आत ऊठ. दुसऱ्या बैठकीआधी प्रत्येकीच्या घरी एकदा तरी जाऊन ये. घरी गेल्याशिवाय कळत नाही की कुणाकडे अंथरुणाला खिळलेली सासू आहे आणि कुणाचा नवरा खाणी बंद पडल्यापासून घरीच बसून आहे. प्रत्येकीकडून तीन गोष्टी काढून घे: हातचं काय चांगलं होतं, दिवसातली कुठली वेळ तिची स्वतःची, आणि घरातले पैसे कुणाच्या हातात असतात. तिच्यासमोर लिहू नकोस, परत आल्यावर लिही. समोर वही उघडली की बाई तुला आवडेल ते उत्तर देते.

आता हिशेबाचं पुस्तक. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण गट मोडतात ते इथेच.

नियमित बैठक, नियमित बचत, आपापसात कर्ज, वेळेवर फेड आणि पूर्ण लिहिलेलं पुस्तक ही पंचसूत्री तुला पाठ असेलच. पहिल्या चार गोष्टी पाचवीवर उभ्या असतात. १९९२ साली नाबार्डने (शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने) बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून बँकेतला माणूस गटाची पत ठरवताना हेच पुस्तक उघडतो. आणि बऱ्याच गटांत ते पुस्तक कोण लिहितं? सचिवाचा कॉलेजात जाणारा मुलगा, नाहीतर तुझ्यासारखी कार्यकर्ती. मुलगा नोकरीला पर्वरीला गेला की पुस्तक थांबतं. मग कुणी किती भरले यावर कुजबुज सुरू होते, आणि सहा महिन्यांत बैठकीला चौघीच उरतात.

म्हणून पहिला महिना तू लिही, पण प्रत्येक आकडा शेजारच्या बाईकडून मोठ्याने वाचून घे. दुसऱ्या महिन्यात पेन तिच्याकडे दे आणि तू नुसती बाजूला बस. चुकली तर पान फाडू नकोस. चुकीवर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि दोघींनी सही करायची. तिसऱ्या महिन्यात पेन आणखी एकीकडे जाऊ दे, आणि तिला शिकवायचं काम आधीच्या बाईचं. इथे तू मध्ये पडू नकोस. तुझ्यापेक्षा ती चांगलं समजावेल, कारण कुठे अडकायला होतं ते तिला अजून ताजं आठवत असतं.

व्याज शिकवायला सुपाऱ्या घे, कुळागरं (सुपारीच्या बागा) असलेल्या भागात त्या घरोघरी असतात. समज, एकीने ५,००० रुपये कर्ज घेतलं, दरमहा शेकडा १ टक्का, दहा हप्त्यांत फेड. दहा सुपाऱ्या मांडायच्या, एक सुपारी म्हणजे ५०० रुपये. एका सुपारीचं महिन्याचं व्याज ५ रुपये. पहिल्या महिन्यात दहा सुपाऱ्या समोर आहेत, म्हणून व्याज ५० रुपये. हप्ता भरला की एक सुपारी उचलायची, पुढच्या महिन्यात नऊ उरल्या म्हणजे ४५ रुपये. असं करत शेवटच्या महिन्यात ५ रुपये. सगळं मिळून व्याज २७५ रुपये होतं. जी बाई 'मला हिशेब कळत नाही' म्हणते, तीच दुसऱ्या फेरीला दुसरीची चूक पकडते. मग खाजगी फायनान्सवाल्याने मूळ रकमेवर शेवटपर्यंत तेवढंच व्याज लावलं तर काय होतं, ते त्याच सुपाऱ्यांवर दाखव. सुपाऱ्या कमी होत जातात आणि व्याज मात्र ५० रुपयेच राहतं, दहा महिन्यांचे ५०० रुपये. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली बाई कागदावर सही करण्याआधी चार प्रश्न विचारते.

एप्रिल-मेमध्ये भिरंडं (कोकमाची फळं) पिकली की खरं काम सुरू होईल. सोलं (वाळवलेल्या साली) आणि आगळ (मिठातला रस) करायला तू त्यांना शिकवायचं नाहीस. ते त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि हे तू सर्वांसमोर बोलून दाखव. तू न्यायचं ते वजन, भाव आणि लेबल. गटातल्या सगळ्यांत जाणत्या बाईला मधे बसव आणि तिच्या दोन बाजूंना दोन तरुण सुना. बघत उभ्या राहणाऱ्या नकोत, त्यांचे हात कामात हवेत.

जाणती बाई म्हणेल, 'मूठभर मीठ घाल.' त्यावर 'ग्रॅममध्ये सांगा' म्हणू नकोस. तिला तिच्या पद्धतीने मूठ भरू दे आणि ती मूठ काट्यावर ठेवायला सांग. असं तीनदा करून सरासरी काढ आणि तिच्याच नावाने वहीत लिहून घे. तिच्या हातातलं माप असं वहीत आलं की ती नसतानाही आगळ बिघडत नाही, आणि तिचा मानही राहतो. बिया काढलेल्या किलोभर सालीला आणि गराला साधारण १५० ते २०० ग्रॅम मीठ बसतं. त्याहून कमी घातलं तर आगळ फसफसतं, बाटलीचं झाकण उडतं किंवा वर बुरशीची साय धरते. बाकी चुका नेहमीच्याच: अॅल्युमिनियमचं पातेलं घेणं (आंबटाने ते खाल्लं जातं आणि चव धातूची येते, स्टील किंवा चिनी मातीची बरणीच हवी), ओला डाव बरणीत घालणं, अर्धवट पिकलेली फळं घेतल्याने रंग फिका येणं. सोलं करताना साली मिठाच्या रसात बुडवून पुन्हा उन्हात घालायच्या, तीन-चार वेळा. उन्हातून काढलेली गरम सोलं लगेच पिशवीत भरली तर आत घाम सुटतो आणि आठवड्यात बुरशी येते. रात्रभर सुपात निवू द्यायची, सकाळी भरायची.

भाव ठरवणं याहून कठीण, कारण तिथे बायका स्वतःलाच हिशेबातून वगळतात. समज, २० किलो फळांचं अर्ध्या लिटरच्या २० बाटल्या आगळ झालं. फळं ४० रुपये किलोने ८००, मीठ ६०, बाटल्या २४०, लेबलं ६०, जाण्यायेण्याचा खर्च १२०, आणि सगळ्यांचे मिळून बारा तास, तासाला ६० रुपयांनी ७२०. एकूण २,०००, म्हणजे बाटली १०० रुपयांना पडली. पण 'झाड आपलंच' म्हणून फळांचे पैसे धरत नाहीत आणि 'घरचंच काम' म्हणून तासही धरत नाहीत. मग खर्च दिसतो ४८०, बाटलीला २४ रुपये. ती ६० रुपयांना विकून छत्तीस सुटले म्हणून सगळ्या खूश होतात. खरं तर प्रत्येक बाटलीमागे ४० रुपये पदरचे गेलेले असतात. ही बेरीज तू फळ्यावर करून दाखवू नकोस. त्यांच्यातल्याच एकीला मोठ्याने करू दे आणि ७२० चा आकडा तिच्या तोंडून येऊ दे. काही क्षण शांतता पसरेल. ती मोडू नकोस.

पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जायचं तर दोघी-दोघींनी. मुरलेली बाई गिऱ्हाइकाशी बोलेल, नवी पैसे घेईल आणि सुटे देईल. पुढच्या शुक्रवारी अदलाबदल. वजनकाटा कायम त्यांच्याकडे असू दे. तू हातात घेतलास की गिऱ्हाईक तुझ्याशीच बोलायला लागतं आणि त्या दोघी मागे सरकतात. क्यूआर कोड गटाच्या खात्याचाच हवा. कुणाच्या नवऱ्याचा किंवा मुलाचा कोड 'तात्पुरता' लावला की तो कायमचा होतो. बाटलीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा आकडी नोंदणी क्रमांक, बनवल्याची तारीख आणि आतल्या मालाचं निव्वळ माप लागतं. नोंदणीचा अर्जही त्यांच्याच हातून भरून घे. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांसाठी कुणी कागद घेऊन आली तरी तसंच कर. तू भरून दिलेला फॉर्म तिचं एक काम उरकतो. तिने स्वतः भरला की पुढच्या वेळी ती शेजारणीलाही मदत करते.

एक गोष्ट मी तुला आग्रहाने सांगते. गायिका मोगूबाई कुर्डीकर आपल्याच कुर्डीच्या, जे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. केसरबाई केरकर फोंड्याकडच्या केरीच्या. दोघी अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, दोघींचं गाणं डोंगराएवढं. केसरबाईंनी मन लावून शिकवलं ते जवळजवळ एकट्या धोंडूताई कुलकर्णींना. मोगूबाईंच्या हाताखाली मात्र त्यांची मुलगी किशोरीताई आमोणकर, पद्माताई तळवलकर अशी पुढची पिढीच घडली. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट: पोटची मुलगी एवढी तयार होत असताना मोगूबाईंनी तिला फक्त आपल्यापुरती ठेवली नाही. किशोरीताई भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही शिकल्या. अंजनीबाईही गोव्याच्याच. गुरूने शिष्येला दुसऱ्या गुरूच्या दारात पाठवायचं, याला मोठं काळीज लागतं.

तुझ्या गटातही एखादी शिवणकामात पुढे जाईल, एखादीला हळसांद्याच्या किंवा मिरचीच्या बियाण्यात रस असेल, एखादी पंचायतीच्या निवडणुकीला उभी राहायचं म्हणेल. जे तुझ्याकडे नाही त्यासाठी तिला दुसऱ्या बाईकडे पाठव. पहिल्या भेटीला सोबत जा, ओळख करून दे आणि परत ये. मधेमधे फोन करून काय चाललंय ते विचारत बसू नकोस. ती तुझ्यापासून तुटेल अशी भीती वाटेल, तरी पाठव.

लाडकी कुणी ठेवू नकोस. हुशार, पटकन बोलणारी मुलगी नकळत आवडायला लागते, आणि प्रत्येक प्रशिक्षणाला तिचंच नाव जातं. यादी ठेव आणि प्रत्येकीची पाळी लाव, अगदी 'मी नको' म्हणणारीचीही. तिचं 'नको' बहुतेकदा बसचं असतं. शेवटची बस किती वाजता सुटते ते आधी विचार. स्वतःच्या पदरचे पैसे कुणाला उसने देऊ नकोस, तुझं नातं तिथेच बदलतं. सलग दोन बैठका एखादी आली नाही तर तिसरीची वाट न पाहता घरी जा, पण गटाचा विषय काढू नकोस. घरात मारहाण होत असेल तर आपण मध्यस्थी करून मिटवू असं समजू नकोस. त्यात तिचाच जीव धोक्यात येतो. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ करून दे, आणि तिने सांगितलेलं गटात कुणालाही कळता कामा नये. एकीचं गुपित फुटलं की बाराही जणींची तोंडं बंद होतात.

सहाव्या महिन्यात एक बैठक आधी सांगून चुकव. दुसऱ्या दिवशीही लगेच पुस्तक मागू नकोस. पुढच्या बैठकीला गेलीस की गेल्या वेळी काय ठरलं ते त्यांना सांगू दे. तू नसताना त्यांनी एखादा निर्णय तुझ्या मताविरुद्ध घेतला असेल, तर तो उलटवू नकोस. त्याचा हिशेब पुस्तकात आहे की नाही तेवढं पाहा. नवव्या महिन्यात लागोपाठ दोन बैठका चुकव.

आणि तारखा ठरवताना चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस मोकळे सोड. माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताची) जमवाजमव, घर सारवणं, करंज्या, यातून कुणाला सवड नसते. धालांच्या रात्रींनाही बैठक ठेवू नकोस. काटा घ्यायला जाशील तेव्हा त्यांच्यातल्या दोघींना सोबत ने. दहा किलोपर्यंतचा, ताटाचा घ्या, दुकानातच किलोचं माप ठेवून तपासा आणि पावती गटाच्या नावाने करा. रोज संध्याकाळी तो कुणाच्या घरी राहील, तेही त्यांनाच ठरवू दे.

तुझी,
ताई