गॅसच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला क्लॅम्प मारताना

मित्रा, अर्धा इंची पाइप हलका दिसतो, पण त्याचा सगळा भार शेवटी गिट्टीवर, म्हणजे स्क्रूसाठी भिंतीत ठोकलेल्या खुंटीवर येतो. त्यामुळे आधी भिंत ठोकून बघ. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलेलं आहे, तिथे भोक पाडू नकोस. गिट्टी विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसली पाहिजे, नुसत्या प्लास्टरमध्ये नाही. भोकातली धूळ फुंकून काढ. हे कोणी करत नाही आणि मग स्क्रू फिरतच राहतो.

क्लॅम्प साधारण मीटरभर अंतरावर घे, पण एल्बो (वळणाचा जोड) आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना जवळच एकेक हवाच. व्हॉल्व्ह उघडता-मिटताना पिळाचा जोर जोडाच्या चुड्यांवर (आट्यांवर) यायला नको. पाइप भिंतीला चिकटवू नकोस, स्पेसरचे, म्हणजे मागे फट ठेवणारे क्लॅम्प वापर. मागे ओल धरली की गंज तिथूनच लागतो, आणि रंगाऱ्याचा ब्रशही आत जात नाही. भिंतीतून आरपार जाताना पाइपवर स्लीव्ह, म्हणजे बाहेरून मोठ्या नळीचं आवरण घाल. वायरिंगपासून लांब राहा.

जोड मात्र परवानाधारक फिटरकडूनच, आणि गॅस सोडण्याआधी प्रेशर टेस्ट. जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघणं त्यानंतर. काडी पेटवून गळती बघणारे अजूनही भेटतात, त्यांना घरात घेऊ नकोस.